पडद्यामागची शिलाई : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आमच्या हौशी नाटकात नायिका पहिल्या प्रवेशात नऊवारीत आहे आणि दुसऱ्यात पांढऱ्या सहावारीत. मध्ये ४० सेकंदांचा अंधार आहे, पण तालमीत बदलायला ३ मिनिटं लागतात. काय करावं? – एक वाचक, चिपळूण

नेसलेली नऊवारी सोडून सहावारी ४० सेकंदांत नेसवता येणार नाही. म्हणून दोन्ही साड्या शिवून घ्या. साडी मात्र कापू नका. उसनी आणलेली असेल तर कच्च्या टाक्यानेच काम करा, म्हणजे प्रयोग संपल्यावर उसवून परत देता येते.

नऊवारीसाठी आत पातळ सुती पायजमा घ्या आणि कमरेला २ इंची जाड पट्टी लावा. पुढच्या निऱ्या आणि मागचा काष्टा या पट्टीवरच पक्का करा. उघडायची जागा डाव्या कुशीत ठेवा, तिथे पदर झाकून घेतो. पदर मोकळा ठेवून खांद्यावर टिचबटणाने अडकवा.

खरी गोम आसनाच्या मापात आहे. टेप पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत घ्या. एकदा उभ्याने मापा, एकदा नटीला उकिडवं बसवून. शिवायचं ते उकिडव्या मापाने, वर आणखी २ इंच सोडून. उभ्या मापाने शिवलेली नऊवारी आरशासमोर झकास दिसते. पण रंगमंचावर नटी नमस्काराला वाकली, की मागची पट्टी खाली ओढली जाते किंवा काष्ट्याचे टाके तुटतात. काष्टा फाटण्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

सहावारी परकराच्या पट्टीवर निऱ्या टाचून तयार ठेवा, पण परकर एका कुशीत वरपासून खालपर्यंत उघडा असू द्या. अंधारात पाय घालायला लावू नका, पाय अडकतो आणि माणूस पडतो. परकर मागून आणून गुंडाळायचा.

बंदासाठी वेल्क्रो वापरू नका. शांत प्रसंगात त्याचा चर्र आवाज पहिल्या पाच रांगांना ऐकू जातो, शिवाय रेशमाचे धागे त्यात ओढले जातात. पँटचे २ मोठे हुक आणि आधाराला एक टिचबटण पुरतं. हुकाशेजारी जाड सुताची गाठ मारून ठेवा, अंधारात ती बोटांना लागते.

पांढरा ब्लाउज आधीपासून अंगात असावा. त्यावर मागून उघडणारी सैल रंगीत चोळी, ती ओढली की निघते. मदतीला दोघी हव्यात, एक पुढे, एक मागे, आणि कोणी काय सोडायचं हे ठरलेलं हवं. नटीने हात फक्त दागिन्यांना लावायचा. आधी उजेडात, मग विंगेतल्या निळ्या दिव्यात, मग घड्याळ लावून निदान १० वेळा करा. तालमीत ३० सेकंदांच्या आत आलात तरच प्रयोगात ४० पुरतील, कारण तिथे हात घामेजलेले असतात.

शेतकऱ्यांचे नवे धोतर-सदरे दिव्यांखाली इतके पांढरेशुभ्र दिसतात की चेहरे दिसेनासे होतात. – एक वाचक, लातूर

चहात रंगवा. आधी कपडा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. खळ राहिली तर रंग डागाडागांनी बसतो. ५ लिटर पाण्यात ५० ग्रॅम चहापूड १० मिनिटं उकळा आणि दुहेरी कापडातून गाळा. नीट गाळलं नाही तर पुडीचे ठिपके उमटतात. कपडा ओला करूनच बुडवा आणि १५ ते २० मिनिटं सतत हलवत राहा. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, तेव्हा आधी हातभर तुकड्यावर बघा. हे सुती कापडालाच जमतं, पॉलिस्टर चहा धरत नाही.

आता झिजवणं. खरा सदरा कॉलरच्या घडीवर, कोपरांवर, खिशाच्या तोंडावर आणि खालच्या काठावर झिजतो. तिथेच बारीक सॅंडपेपर फिरवा. सगळीकडे सारखा मळका केलेला कपडा खोटा वाटतो, कारण शेतात राबणारा माणूस तसा मळत नाही. पाठीवर घामाचा पट्टा हवा असेल तर पाणी घालून पातळ केलेला तपकिरी कापडरंग फवारा. खरी माती लावू नका, तालमीत ती झडते आणि नटांच्या घशात जाते.

नाटकात अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर आणखी एक काळजी घ्या. धुलाई पावडरीतल्या पांढरेपणा वाढवणाऱ्या रसायनांमुळे कपडा त्या दिव्यात निळसर चमकतो. असे कपडे साध्या साबणाने धुवा आणि प्रयोगाच्याच दिव्यांखाली तपासा.

महाविद्यालयात ६ दिवसांचं वेशभूषा शिबिर घ्यायचं आहे. मुलं १२, यंत्रं २. सुरुवात कुठून करू? – एक शिक्षिका, नाशिक

चित्रं काढण्यापासून करू नका, अशी कळकळीची विनंती. सुंदर रेखाटन हातात आलं की मुलं त्याच्या प्रेमात पडतात आणि नट त्यात बसू शकेल का, हे विचारायचं राहून जातं.

पहिला दिवस संहितेला द्या. आडवे प्रवेश, उभी पात्रं असा तक्ता करायचा आणि प्रत्येक चौकटीत पात्र काय करतं ते लिहायचं : जमिनीवर बसतं, भांडतं, कुणाला उचलतं. राजा रविवर्म्यांची चित्रं जरूर दाखवा, पण समोरून काढलेल्या चित्रात काष्टा मागे कसा खोचलाय ते कळत नाही, हेही दाखवा. त्यासाठी नऊवारी रोज नेसणाऱ्या एखाद्या आजींना बोलवा. त्यांच्याकडून तासाभरात जे कळेल, ते चित्रांतून आठवड्यात कळणार नाही.

उरलेल्या दिवसांत चौघांच्या गटात एकेक बाराबंदी (बारा बंदांनी बांधायचा जुना अंगरखा), म्हणजे तीन बाराबंद्या. ३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट, एकीला साधारण ३ मीटर. कापड कापण्याआधी धुऊन वाळवा, ते आटतं. बारा बंद प्रत्येकी १० इंचांचे. कुशीच्या शिवणीत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडा, पुढच्या वर्षी जाड नट आला तर ती उपयोगी पडते.

चूक एकच होईल, आणि ती होऊ द्या. हात मोकळा हलावा म्हणून मुलं मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, खोल कापतील. मग हात वर केला की अख्खी बाराबंदी कमरेवरून वर सरकते. खोल मुंढ्यात बाही कुशीला खूप खालून जोडलेली असते, त्यामुळे हात कुशीलाच ओढतो. मुंढा काखेजवळ ठेवून बगलेत ४ इंचांचा चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा, हा जुना चौबगला. तो घातलेली आणि न घातलेली बाराबंदी एकाच मुलाला आळीपाळीने घालून तलवार उगारायला सांगा. समजावून सांगायची गरजच पडत नाही.

यंत्रं दोनच असल्याने दोन गट शिवतील तेव्हा तिसऱ्याने बंद हातानेच करावेत.

जरीचा शालू दोन प्रयोगांच्या मध्ये धुता येत नाही. घामाचा वास कसा घालवू? – एक वाचक, सांगली

वास साडीत कमी, ब्लाउजात जास्त असतो. ब्लाउजच्या बगलेत सुती पॅड टिचबटणाने लावा आणि दोन जोड ठेवा, म्हणजे रोज धुता येतात. ब्लाउज उलटा करून आतून निम्म्या पाण्यातल्या अल्कोहोलचा हलका फवारा द्या. रंग उतरतो का ते आधी शिवणीच्या मायेवर पाहा, आणि जवळ ज्योत नको. शालू दोरीवर सावलीत, पंख्याखाली रात्रभर ठेवा. ओलसर असताना पेटीत घातला तर बुरशी धरते. अत्तर जरीवर कधीच नाही, ती काळवंडते. डांबरगोळ्याही जरीला टेकू देऊ नका, मलमलच्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा.