वाचकांचे प्रश्न : काट्यावर जड भरलेला जिताडा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या खाडीवर दर थंडीत गावातलं मंडळ गळाने मासे पकडायची स्पर्धा भरवतं. प्रवेश फी पाचशे, पहिलं बक्षीस पंचवीस हजार, आणि ज्याचा एक मासा सगळ्यात जड तो पहिला. यंदा मी दुसरा आलो. माझा जिताडा पावणेतीन किलोचा, लांबी ६१ सेंटिमीटर. पहिला आला तो नात्याने माझा मेहुणा लागतो. त्याचाही जिताडाच. दोन्ही मासे शेजारी ठेवले होते, लांबीत दोन बोटांचाही फरक नव्हता, पण काट्याने त्याचा चार किलो शंभर दाखवला. त्याच्या घरामागे तळं आहे आणि तळ्यात जिताडे आहेत, हे सगळ्या गावाला माहीत. मी तिथे काही बोललो नाही. रात्री त्याच्याकडेच त्या माशाचं जेवण झालं. आता ग्रुपवर पोरं दोन्ही माशांचे फोटो टाकून टोमणे मारतात. तक्रार केली तर ‘हरला म्हणून बोलतो’ म्हणतील, नाही केली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काय करू?
– एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : दादा, नमस्कार.

यंदाच्या बक्षिसासाठी तक्रार करू नका. मासा खाऊन झाला, काटे मांजरांनी नेले, आता सिद्ध करायला हातात काही नाही. पण गप्पही बसू नका. पुढच्या वर्षीच्या नियमांसाठी मंडळाला लेखी पत्र द्या आणि ते आत्ताच द्या. स्पर्धा तोंडावर आली की कुणाला वेळ नसतो.

तुमच्या पत्रात दोन संशय एकमेकांत गुंतले आहेत. पोटात काहीतरी भरलं हा एक, आणि मासा खाडीतला नव्हेच, तळ्यातला, हा दुसरा. ते सुटे करून बघू या. माझं माहेर कोळीवाड्यातलं. आईच्या पाटीमागे बसून मासा ओळखायला शिकले आणि आता स्पर्धांच्या दिवशी वजनाच्या टेबलावर बसते, म्हणून जरा खोलात जाते.

आधी वजन. साठ-एकसष्ट सेंटिमीटरचा जिताडा अडीच ते तीन किलो भरतो. तुमचा त्यात नीट बसतो, त्याचा बसत नाही. मी टेबलावर असते तर माझाही हात थांबला असता. गाभोळी असेल म्हणावं, तर जिताड्याचा विणीचा हंगाम पावसाळ्याच्या आसपासचा, थंडीतला नव्हे. शिवाय जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे या लांबीचा मासा बहुधा नरच. नुकतीच एखादी बोय गिळलेली असेल तर पाव-अर्धा किलो वाढेल. तळ्यातला, खाऊन-पिऊन सुस्तावलेला मासा लांबीच्या मानाने जाड असतो, त्यानेही थोडं वाढेल. तरी तुमच्या दोघांच्या माशांत पडलेल्या सव्वा किलोहून जास्त फरकाचा हिशेब लागत नाही.

पण दादा, एक सांगा, मासा कशात ठेवून तोलला? प्लास्टिकचा क्रेट किलो-सव्वा किलोचा सहज असतो. एकाचा मासा हातात धरून पाटावर ठेवला, दुसऱ्याचा क्रेटसकट ठेवला आणि काटा शून्यावर आणायचा राहिला, की कुणीही काही न करता नेमका एवढाच फरक पडतो. गर्दी असते, उन्हात सगळे कावलेले असतात, वजन लिहिणारा पोरगा नवा असतो. हे मी टेबलावर घडताना पाहिलंय. मेहुण्याकडे बोट दाखवण्याआधी, काट्यावर कोण बसलं होतं आणि मासा कशात होता, एवढं मंडळाला विचारा. तेवढं विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

आता तळं. खाडीचा जिताडा रुपेरी, गोड्या किंवा मचूळ पाण्याच्या तळ्यातला काळसर, हे खरं. पण पावसाच्या पाण्यात वर चढलेला आणि नंतर खाडीत उतरलेला मासाही काळपट दिसतो. शेपटीची, पंखांची टोकं झिजलेली असली तर कोंडलेल्या माशाचा संशय येतो. जाळ्यातला मासा असेल तर कल्ल्यांच्या मागे अंगाभोवती वळ उठतो आणि तिथली खवलं खरवडलेली असतात. जबड्यात गळाची ताजी जखम नसेल तर प्रश्न विचारायलाच हवा. कल्ला उचलून बघायचा : लालभडक असला तर आजचा, विटकरी पडला आणि डोळा धुरकटला तर बर्फातला. एवढं करूनही, तळ्यातला मासा पहाटे गळानेच काढून ओल्या गोणपाटात आणला, तर टेबलावर बसलेला कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. तळ्याची चोरी टेबलावर पकडता येत नाही, ती काठावरच अडवावी लागते. सकाळी चिठ्ठ्या टाकून दोन अनोळखी स्पर्धकांची जोडी लावा, दोघांनी एकमेकांच्या नजरेत राहायचं. मासा लागला की पंधरा मिनिटांत नोंद. त्या दिवसाचा नंबर सकाळीच जाहीर करायचा, तो लिहिलेली चिठ्ठी माशाशेजारी ठेवून फोटो काढायचा. दुपारी दोन वाजता पिशवीतून अचानक मासा बाहेर काढायची सोयच राहत नाही.

पोटात भरण्यावर मात्र टेबलावरच उपाय आहे, तो म्हणजे सुरी. ३० सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला, एरी सरोवरावरच्या वॉलाय माशाच्या स्पर्धेत जे झालं त्याचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरले. एका जोडीचे पाच मासे मिळून सुमारे ३४ पौंड भरले. आयोजकाच्या नजरेने ते वीसच्या आसपास असायला हवे होते. तुमच्यासारखाच लांबी आणि वजनाचा मेळ बसेना. त्याने सगळ्यांसमोर पोट फाडलं, आत शिशाचे गोळे निघाले आणि दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडेही. बक्षीस २८ हजार डॉलरच्या वर होतं. दोघांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०२३ च्या मे महिन्यात त्यांना दहा दिवसांची कैद झाली, मासेमारीचा परवाना तीन वर्षांसाठी गेला, बोटही गेली. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. गर्दी अंगावर धावून जायच्या बेतात असताना त्याच आयोजकाने लोकांना आवरलं, कुणालाही त्यांना हात लावू दिला नाही. पुरावा जागेवर होता, म्हणून पुढचं काम कायद्याला करता आलं.

काही ठिकाणी धातू शोधायचं हातातलं यंत्र माशावरून फिरवतात. शिसं त्याला कळतं. पण पोटात कोंबलेला बर्फ किंवा माशाचा तुकडा त्याला काय कळणार? बर्फ तर बक्षीस वाटेपर्यंत वितळून जातो. म्हणून नियम सोपा ठेवा : वजनात पहिल्या पाच आलेल्या सगळ्या माशांची पोटं टेबलावर, सर्वांसमोर फाडायची. संशय असो वा नसो. नेहमीच्या कोळणीला बसवा, ती दोन मिनिटांत फाडून, साफ करून मासा मालकाच्या हातात देईल. घरी नेऊन तेच तर करायचं असतं. एकाचंच पोट फाडलं तर तो चोर ठरतो, पाचही फाडली तर ती रीत होते. माझा सगळा भर यावर आहे.

बाकीचं थोडक्यात. काटा वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेला घ्या, सकाळी दोन किलोचं लोखंडी वजन ठेवून सगळ्यांना दाखवा. हरकत घ्यायला निकालानंतर अर्धा तास ठेवा, तीही लेखी आणि अनामत भरून. तो अर्धा तास संपेपर्यंत ना बक्षीस द्यायचं, ना मासा हलवायचा. माझ्या मनात विचाराल तर वजनाची स्पर्धाच बंद करून लांबीची करावी : फळीवर मोजा, फोटो काढा, पाण्यात सोडून द्या. शिसं भरून लांबी वाढत नाही. आणि सगळ्यात मोठा जिताडा म्हणजे बहुतेक वेळा अंडी देणारी मादी. तिलाच मारायला बक्षीस लावणं मला पटत नाही. पण मासा घरी न्यायचा नाही म्हटलं की निम्मे स्पर्धक येणार नाहीत, हेही मी ओळखून आहे.

राहिला मेहुणा. मंडळाच्या बैठकीआधी त्याच्या घरी जा. ‘तू केलंस का’ हे विचारू नका, उत्तर काहीही आलं तरी तुमचं समाधान होणार नाही. त्याला म्हणा, ‘पुढच्या वर्षी पाच माशांची पोटं टेबलावर फाडायचा नियम मी मांडतोय, अनुमोदन तू दे.’ त्याने दिलं तर तुमच्या मनातली अर्धी अढी तिथेच जाईल. नाही दिलं तरी त्यावरून त्याला चोर ठरवू नका, माणसं रागानेही नाही म्हणतात. आणि ग्रुपवरच्या पोरांना आज रात्रीच थांबवा. पुरावा नसताना नाव घेऊन चोर म्हणणं ही बदनामी आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला ३५६ वं कलम आहे. फसवणुकीलाही कलम आहे, ३१८ वं, पण पोलीस पहिला प्रश्न विचारतील : मासा कुठे आहे?

प्रश्न : परदेशात जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्रावर बसवतात असं ऐकलं. आपल्या स्पर्धेत ठेवता येईल का?
– एक आयोजक, गुहागर

उत्तर : बसवतात हे खरं. अमेरिकेत मेरीलँडच्या ओशन सिटीला मार्लिन माशाची मोठी स्पर्धा होते. तिथे २०१६ मध्ये पहिल्या आलेल्याचं २८ लाख डॉलरचं बक्षीस अडवलं गेलं. यंत्राच्या चाचणीत तो नापास झाला होता, आणि ठरलेल्या साडेआठच्या आधीच गळ पाण्यात गेल्याचंही न्यायालयाला पटलं. २०१७ मध्ये निकाल आयोजकांच्या बाजूने लागला. तिथे प्रवेश अर्जावरच ही अट मान्य करून घेतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलंय की संमतीशिवाय अशी चाचणी कुणावर लादता येत नाही. तो निकाल गुन्ह्यांच्या तपासाबद्दलचा, पण जे पोलिसांना जबरदस्तीने करता येत नाही ते गावच्या मंडळाने करू नये. शिवाय घाबरट पण सरळ माणूसही त्या यंत्रावर घामाघूम होतो. त्या पैशात दोन चांगले काटे घ्या आणि काठावर देखरेखीला चार माणसं जास्त ठेवा.