स्वादुपिंडाचा कर्करोग: आधी कळण्यासाठी काय करावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पित्ताशयातील खड्यांवर या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांनी शेजारच्याच एका अवयवाविषयी, म्हणजे स्वादुपिंडाविषयी विचारले आहे. जठराच्या मागे, कण्याला जवळजवळ टेकून आडवे पसरलेले हे इंद्रिय वितीपेक्षा थोडे कमी लांबीचे असते आणि पोट दाबून तपासताना डॉक्टरांच्या बोटांना ते सहसा लागत नाही. २०२२ साली जगभरात सुमारे ५ लाख १० हजार लोकांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे कळले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार लोक या रोगाने दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, याचे मुख्य कारण रोग उशिरा कळतो हे आहे. आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न: माझ्या पतींचे वय ५८ आहे. गेल्या दिवाळीनंतर त्यांची रक्तशर्करा वाढल्याचे आढळले. घराण्यात कोणालाही मधुमेह नाही. गोळ्या नियमित चालू आहेत, पथ्य फारसे नाही, तरीही सहा महिन्यांत आठ किलो वजन उतरले. सोनोग्राफीत काही निघाले नाही. आणखी तपासण्या कराव्यात का? (सातारा)

होय, कराव्यात, आणि त्या लवकर कराव्यात. मधुमेह झालेल्या प्रत्येकाला कर्करोगाची भीती घालणे मला मुळीच मान्य नाही, कारण आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि त्यातील बहुसंख्य रुग्णांचा या कर्करोगाशी काहीही संबंध नसतो. मात्र आपण लिहिलेल्या चार गोष्टी, म्हणजे पन्नाशीनंतर नव्याने आलेला मधुमेह, घराण्यात तो नसणे, गोळ्या चालू असणे आणि प्रयत्न न करता उतरलेले वजन, एकत्र आल्या की त्यांचा अर्थ बदलतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. सुरेश चारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीनंतर मधुमेह जडलेल्या २,१२२ लोकांच्या नोंदी तपासल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८ जणांना, म्हणजे शंभरांत एकापेक्षाही कमी लोकांना, तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. एवढ्या थोड्या लोकांसाठी सगळ्यांचे सीटी स्कॅन करणे शहाणपणाचे नाही. म्हणून याच गटाने २०१८ मध्ये वय, वजनातील बदल आणि साखरेतील बदल या तीनच गोष्टींवर आधारलेली गुणपद्धती मांडली. तिच्यात ज्यांचे गुण जास्त भरले, त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण शंभरांत साडेतीनच्या आसपास निघाले. तरीही शंभरांतले शहाण्णव जण यातून सुटतातच, हे लक्षात ठेवावे. नेहमीचा मधुमेह बहुधा वाढत्या वजनाबरोबर येतो आणि कर्करोगामुळे येणारा मधुमेह उतरत्या वजनाबरोबर येतो, एवढा फरक सर्वांनी ध्यानात ठेवला तरी पुष्कळ साधेल. साखर फार वाढल्यामुळे किंवा मेटफॉर्मिनसारख्या गोळीमुळेही वजन काहीसे घटते हे खरे आहे, पण आठ किलोंचा हिशेब त्यावर सोडून देऊ नये.

आता सोनोग्राफीविषयी. आपल्याकडचा अहवाल कृपया पुन्हा काढून वाचा. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे व्यवस्थित असल्याची नोंद असते आणि मध्येच एक ओळ येते, जिचा अर्थ ‘आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड पूर्ण दिसू शकले नाही’ असा असतो. ही ओळ मी इतक्या अहवालांत पाहिली आहे आणि ती वाचून पुढे काहीच न केलेले इतके रुग्ण पाहिले आहेत, की मला तिची आता धास्ती वाटते. न दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. स्वादुपिंडासाठी ठरावीक वेळांना चित्रे घेऊन केलेला, शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन येथे योग्य ठरेल. त्याआधी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिॲटिनिन तपासून घ्यावे आणि मेटफॉर्मिन चालू असल्याचे तेथे सांगावे.

हा रोग झपाट्याने येतो असा समज आहे, पण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये गाठींतील जनुकीय बदलांवरून काळाचा अंदाज बांधला, तेव्हा पहिल्या बदलापासून खरी कर्करोगपेशी तयार होण्यास किमान दहा वर्षे आणि तिला इतरत्र पसरण्याची क्षमता येण्यास आणखी सुमारे पाच वर्षे लागत असल्याचे दिसले. एवढा काळ रोग आत असतो आणि आपल्याला तो दिसत नाही. या विषयातील आजच्या संशोधनाचा मोठा भाग त्यामुळेच या वर्षांचा माग काढण्यात गुंतलेला आहे.

प्रश्न: वडिलांना तीन आठवड्यांपासून कावीळ आहे. पोटात अजिबात दुखत नाही. गावात काविळीची माळ घातली, ती रोज लांबत आहे, पण अंगाची खाज वाढली आहे. स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शीर्षाजवळ गाठ दिसते. शस्त्रक्रियेने रोग पसरतो असे नातेवाईक म्हणतात. (कोल्हापूर जिल्हा)

माळ लांबते, कारण तिच्यातील ओल्या काड्यांचे तुकडे वाळून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात. निरोगी माणसाच्या गळ्यातही ती तशीच लांबेल. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून माळेला यश मिळते. आपल्या वडिलांची कावीळ वेगळी आहे. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या शीर्षातून जाते, तेथे गाठ आली की पित्त तुंबते, डोळे पिवळे होतात, लघवी काळपट पिवळी आणि शौच मातकट पांढुरकी होते, आणि खाजेने रात्रीची झोप उडते. पन्नाशीनंतरची न दुखणारी कावीळ ही दुखणाऱ्या काविळीपेक्षा अधिक काळजीची आहे, हे मी पुन्हापुन्हा सांगत आलो आहे.

यातही एक आशेची बाजू आहे. शीर्षातील गाठ नलिका लवकर दाबते म्हणून ती शेपटीतील, म्हणजे स्वादुपिंडाच्या दुसऱ्या टोकाच्या गाठीपेक्षा लवकर कळण्याचा संभव असतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असलेले रुग्ण साधारण पंधरा ते वीस टक्केच असतात, आणि आपले वडील त्यांत आहेत की नाहीत, हे तज्ज्ञांनी स्कॅन पाहूनच ठरवायचे आहे. शस्त्रक्रियेने रोग पसरतो हे खरे नाही. अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांचे नाव लाभलेली, १९३५ मध्ये त्यांनी वर्णन केलेली ही शस्त्रक्रिया मोठी आहे आणि एके काळी तिच्यात चारांपैकी एखादा रुग्ण दगावत असे. आता जेथे ती वारंवार केली जाते अशा केंद्रांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले आहे. म्हणून जवळचे रुग्णालय न पाहता, वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तेथे होतात हे सरळ विचारावे. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध आहे.

प्रश्न: संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजमध्ये सीए १९-९ थोडे वाढलेले आले. मला काहीच त्रास नाही. (पुणे)

सीए १९-९ या पदार्थाचे रक्तातील प्रमाण मोजणारी ही तपासणी निरोगी माणसात कर्करोग शोधण्यासाठी नाही. पित्तनलिकेतील अडथळा, स्वादुपिंडाची सूज, यकृताचे विकार यांतही ती वाढते, आणि पाच ते दहा टक्के लोकांचे शरीर हा पदार्थ जन्मतःच तयार करत नसल्याने त्यांचा कर्करोगही तिच्यात दिसत नाही. निदान झालेल्या रुग्णावरील उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी मात्र ती उपयोगी पडते. आपल्या डॉक्टरांना अहवाल दाखवा, पण पॅकेजमध्ये ती पुन्हा घेऊ नका.

प्रश्न: आईचा रोग यकृतात पसरला आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर लस निघाल्याचे वाचले. परदेशातून मागवता येईल का? (ठाणे)

आपली तळमळ मला समजते, म्हणून स्पष्टच लिहितो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात डॉ. विनोद बालचंद्रन यांनी तपासलेली ही लस कोणत्याही पेटीतून काढून टोचण्यासारखी नाही. रुग्णाची गाठ शस्त्रक्रियेने काढायची, तिच्यातील बदललेली प्रथिने ओळखायची आणि त्यांवरून त्या एकाच रुग्णासाठी एमआरएनए लस बनवायची, अशी ती पद्धत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत १६ रुग्ण होते आणि त्यांपैकी ८ जणांच्या शरीरात लसीने लढाऊ पेशी निर्माण केल्या. तीन वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतर या आठांपैकी सहा जणांचा रोग परतला नव्हता. निकाल अतिशय उत्साहवर्धक आहे, पण रुग्ण थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि या सर्वांची गाठ आधी पूर्ण काढलेली होती. रोग पसरलेल्या रुग्णासाठी ती लस नाही. कोणी विकत देऊ करत असेल, तर पैसे देऊ नका.

आपल्या आईंच्या दृष्टीने अधिक जवळचे संशोधन केआरएएस जनुकाचे आहे. या कर्करोगाच्या दहापैकी नऊ गाठींत हे जनुक बिघडलेले असते. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारी ही कळ सतत दाबलेली राहते. तीन दशके तिला औषध लागू पडणारच नाही असे मानले जात होते. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधक केव्हान शोकाट यांच्या गटाला जी१२सी या प्रकाराच्या प्रथिनात औषध अडकवता येईल अशी खाच सापडली, पण स्वादुपिंडात तो प्रकार शंभरांत एखाद-दुसराच असतो. अनेक प्रकारांवर चालणाऱ्या डॅरॅक्सॉनरासिब या गोळीला २०२५ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने या कर्करोगासाठी विशेष दर्जा दिला. म्हणून आईंच्या गाठीची जनुकीय तपासणी करता येईल का, हे विचारा. त्याबरोबरच बीआरसीए जनुकाची तपासणी अवश्य मागा, कारण या जनुकात आनुवंशिकतेने येणारा दोष असल्यास प्लॅटिनम गटातील केमोथेरपी आणि नंतर ओलापॅरिब ही गोळी यांचा विचार होतो, आणि त्या तपासणीचा उपयोग आपल्यालाही, आपल्या भावंडांनाही होऊ शकतो. भारतातील चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येते.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर पाचकरसाच्या कॅप्सूल दिल्या आहेत. त्या डुकरापासून बनतात असे कळले. आम्ही शाकाहारी आहोत. (नाशिक)

आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवे होते. सूक्ष्मजीवांपासून चरबी पचवणारे विकर बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यांना या औषधाची बरोबरी साधता आलेली नाही. दुकानात मिळणारी बुरशीजन्य डायास्टेजची पातळ औषधे पिष्ट पचवतात, चरबी नाही, म्हणून ती पर्याय ठरत नाहीत. निर्णय आपला आहे आणि मी त्याचा आदर करीन. परंतु औषधाविना शौच तेलकट, तरंगणारी, दुर्गंधीयुक्त होते आणि वजन सावरत नाही, त्यामुळे केमोथेरपीही अर्धवट सोडावी लागू शकते, एवढे जाणून निर्णय घ्यावा.

घेणार असाल तर कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्या आणि दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. जेवण उरकल्यावर घेतलेली कॅप्सूल अन्नाबरोबर मिसळत नाही. गिळणे जमत नसेल तर ती उघडून आतले मोत्यांसारखे दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात घालून न चावता गिळावेत. कोऱ्या चहाबरोबर तिची गरज नाही, मात्र पेलाभर दूध घेतले तर आहे. वेष्टनावर २५,००० असा आकडा असेल, तर ते चरबी पचवणाऱ्या विकराचे माप आहे, आणि तूप-वरणभात, भाजी, पोळी अशा पूर्ण जेवणाला एक कॅप्सूल पुष्कळांना अपुरी पडते. शौच अजून तेलकट होत असेल, तर मात्रा वाढवण्याविषयी पुढच्या भेटीत आपणहून विचारावे.