आवडत्या फरी लेखकाचं पुस्तक 'कन्व्हेन्शनला येणार' म्हणजे नेमकं कधी? आणि तिथे जाणं जमणार नसेल तर?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या लेखकाने पुढची तीन पुस्तकं जाहीर केलीत, पण एकालाही तारीख नाही. पहिल्यापुढे 'अँथ्रोकॉन', दुसऱ्यापुढे 'मिडवेस्ट फरफेस्ट' (ही दोन्ही कन्व्हेन्शनांची, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यांची नावं) आणि तिसऱ्यापुढे नुसतं 'संपादकाकडे'. सुरुवातीची दोन वर्षं मीही असाच चाचपडत होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कन्व्हेन्शनचं नाव हीच तारीख समजा. फरी साहित्य म्हणजे माणसांसारखं जगणारे, बोलणारे प्राणी ज्यात नायक-नायिका असतात त्या कथा-कादंबऱ्या. त्यांचं वर्ष कन्व्हेन्शनांवरून मोजलं जातं. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला फर्दर कन्फ्यूजन, जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पिट्सबर्गला अँथ्रोकॉन, डिसेंबरच्या सुरुवातीला शिकागोजवळच्या रोझमाँटला मिडवेस्ट फरफेस्ट. लेखक युरोपातला असेल तर युरोफरेन्स, जे २०२३ पासून हॅम्बुर्गला भरतं. म्हणजे तुमचं पहिलं पुस्तक जून-जुलैत आणि दुसरं डिसेंबरात.

असं का, तर प्रकाशक छोटे आहेत. सोफावूल्फ प्रेस १९९९ पासून आहे, फरप्लॅनेट आहे, आणखीही काही आहेत. पण अशा प्रकाशनांमागे मोजकी माणसं असतात आणि त्यांची पुस्तकं मोठ्या दुकानांत क्वचितच दिसतात. (छोटा प्रकाशक म्हणून कोणी नाक मुरडलं तर सांगा, २०१२ साली सोफावूल्फने छापलेल्या एका चित्रकथेला विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय.) मिडवेस्ट फरफेस्टला मात्र दहा हजारांच्या वर लोक येतात, आणि त्यातल्या वाचणाऱ्यांना कोणतं टेबल गाठायचं ते पक्कं ठाऊक असतं. शिवाय ही रीत जुनी आहे. १९८० च्या दशकात या कथा आणि चित्रं झेरॉक्स काढून हौशी अंकांतून फिरायची. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला पहिलं खास फरी कन्व्हेन्शन भरलं, तेव्हा जेमतेम ६५ जण होते. लिहिणारे, चित्रं काढणारे आणि वाचणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. गर्दी वाढली तरी पुस्तक हातात द्यायची सवय गेलेली नाही.

आता तुमचं तिसरं पुस्तक. 'संपादकाकडे' म्हणजे वाट बघावी लागणार. संपादनानंतर मुखपृष्ठ आणि आतली चित्रं येतात, आणि फरी पुस्तकात चित्रकार हा अर्धा भागीदार असतो. कोल्हिणीचा कोणता कान फाटलेला आहे, शेपटीचं टोक पांढरं की काळं, हे वाचकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं; तिथे चूक चालत नाही. चांगल्या चित्रकारांकडे कामाची रांग असते आणि लेखक थांबायला तयार असतात. थांबावंच, असं माझं मत आहे. मग मांडणी, मुद्रितं, छपाई. 'प्री-ऑर्डर सुरू' हे शब्द दिसेपर्यंत मी कोणतीही तारीख पक्की धरत नाही. आणि एक कन्व्हेन्शन हुकलं की पुस्तक बहुतेक वेळा पुढच्या कन्व्हेन्शनवर जातं, म्हणजे चार-पाच महिने सहज.

रोझमाँटला एकदा हे मी डोळ्यांनी पाहिलं. शुक्रवारी सकाळी डीलर्स डेन, म्हणजे विक्रीचा हॉल उघडला आणि मी थेट टेबलापाशी गेलो, तर पुस्तकाच्या जागी नुसतं मुखपृष्ठाचं चित्र उभं केलेलं. छपाईकडून खोकी निघाली होती, पोचली नव्हती. लेखिका तरीही दिवसभर तिथे बसून होती, येईल त्याला जुन्या पुस्तकांवर सह्या देत होती. शनिवारी दुपारी दोन खोकी आली. प्रकाशकाने किल्लीनेच टेप कापली. लेखिकेने पहिली प्रत उचलली, पण मुखपृष्ठाकडे बघितलंसुद्धा नाही. मधलं एक पान उघडून खिडकीत बसलेल्या ऊदमांजराचं चित्र नीट उठलंय ना, ते बोट फिरवून पाहिलं. मग खांदे सैल सोडले आणि मला विचारलं, "नाव काय लिहू?" सहीखाली तिने पंजाचा छोटा ठसा काढला. ती प्रत मी कोणालाही वाचायला देत नाही.

कन्व्हेन्शनमधल्या हजेरीचेही प्रकार असतात. 'डीलर्स डेनमध्ये' असेल तर लेखक ठरावीक वेळी प्रकाशकाच्या टेबलावर सापडेल; गप्पा मारायची खरी जागा हीच. 'पॅनल' म्हणजे तीन-चार लेखकांची चर्चा. 'वाचन' असेल तर ते चुकवू नये असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण न छापलेल्या पुस्तकातलं प्रकरण बऱ्याचदा तिथेच पहिल्यांदा ऐकायला मिळतं, आणि खोलीत वीसेक खुर्च्या असतात. रात्री उशिराची वाचनं अनेकदा फक्त प्रौढांसाठी असतात, दारात ओळखपत्र बघतात. पुस्तकांचंही तसंच आहे, मागवण्याआधी प्रकाशकाने दिलेली वयाची सूचना वाचा. 'गेस्ट ऑफ ऑनर' असेल तर लेखक तिथे सन्माननीय पाहुणा आहे. एरवी बहुतेक जण प्रवासखर्च स्वतःच करतात, म्हणून वर्षाला दोन-तीनच ठिकाणं जाहीर होतात. आणि कधी भेट झालीच तर बॅजवर जे नाव असेल त्याच नावाने हाक मारा. बरेच जण टोपणनावाने लिहितात, खरं नाव विचारू नये.

आता जाणं जमणार नसेल तर काय. प्रकाशकाकडे थेट प्री-ऑर्डर करा. दुसऱ्या दुकानातून मागवलंत तरी पुस्तक तेच, पण छोट्या प्रकाशकाला पुढची छपाई किती प्रतींची काढायची याचा अंदाज प्री-ऑर्डरवरूनच येतो. टपालखर्च झेपत नसेल तर ई-पुस्तक निघतंय का बघा. काही वेळा ते छापील प्रतीच्या मागून येतं. मधल्या काळात तुमच्या लेखकाची कथा कुठल्या कथासंग्रहात आलीय का तेही शोधा. या क्षेत्रात संग्रह सतत निघतात, आणि कादंबरीतली पात्रं कधीकधी आधी तिथेच भेटतात. वाचून झालं आणि आवडलं तर फरी साहित्य-कलेसाठीच्या अर्सा मेजर पुरस्काराला मत द्या. २००१ सालच्या साहित्यापासून तो सुरू आहे, वाचकांच्या मतांवर ठरतो आणि मत द्यायला कन्व्हेन्शनला जावं लागत नाही.

सही केलेली प्रत हवी असेल तर प्री-ऑर्डर करतानाच तसं लिहा. लेखक बऱ्याचदा कन्व्हेन्शनमध्येच या प्रतींवर सह्या करतो आणि त्या नंतर टपालात पडतात, त्यामुळे तिथे गेलेल्यांनी फोटो टाकले म्हणून तुमची प्रत हरवली असं समजू नका. आणि आपलं नाव रोमन लिपीत, सुटं-सुटं, स्पष्ट लिहून द्या. टेबलावर बसलेला माणूस ते अक्षर न् अक्षर बघून उतरवणार असतो.