अमेरिकेत गर्भपाताला विरोध करणाऱ्या बायका स्वतःला स्त्रीवादी कशा म्हणवतात?

सगळ्या म्हणवत नाहीत, पण ज्या म्हणवतात त्या मनापासून म्हणवतात. 'फेमिनिस्ट्स फॉर लाइफ' ही संघटना १९७२ साली निघाली, म्हणजे गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'रो विरुद्ध वेड' (१९७३) निकालाच्याही आधी. त्यांचा मुद्दा असा: गरोदर मुलीला शिक्षण सोडावं लागतं, नोकरी धोक्यात येते, जोडीदार हात वर करतो. अशा वेळी गर्भपात ही निवड नसते, तो नाइलाज असतो. मग बदलायला कोणी हवं, तिने की कॉलेजने आणि मालकाने? मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो, त्यांचं बाकी सगळं पटो न पटो.

दुसरीकडे फिलिस श्लाफ्ली या गर्भपातविरोधी पुढारी होत्या. त्यांनी स्त्रीवादालाच विरोध केला आणि समान हक्कांची घटनादुरुस्ती अडवली. त्यामुळे या सगळ्या बायकांना एकाच माळेत ओवू नका. बलात्कारातून राहिलेला गर्भ, आयव्हीएफ, गर्भनिरोधक यांवरही त्यांच्यात खरे मतभेद आहेत.

'मार्च फॉर लाइफ' हा गर्भपातविरोधी वार्षिक मोर्चा नेली ग्रे या बाईंनी १९७४ मध्ये सुरू केला. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत वॉशिंग्टनमध्ये निघणाऱ्या या मोर्चात कॉलेजच्या मुली मोठ्या संख्येने दिसतात. २०२२ मध्ये 'रो' रद्द झाला, तेव्हा तो खटला लढवणाऱ्या मिसिसिपी राज्याच्या महाधिवक्ता लिन फिच याही तीन मुलांना एकटीने वाढवलेल्या आई.

गर्भपातविरोधी संघटनांच्या मदतकेंद्रांत गरोदर बायकांना सोनोग्राफी, डायपर, बाळाचे कपडे फुकट मिळतात. मात्र यातली बरीच केंद्रं म्हणजे दवाखाने नव्हेत, आणि आत येणाऱ्या मुलीला हे दारातच स्पष्ट सांगायला हवं.