दारू सुटली, चर्च चुकत नाही, पण राग आणि हेवा तसाच आहे. ख्रिस्ती होऊन आठ वर्षांनीही मी आतून का बदललो नाही?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की उपवास-प्रार्थनेला बसता, वचन वाचता, आणि घरी आलं की बायको-मुलांवर राग निघतो. भावाची बागायत पाहिली की पोटात दुखतं. त्यामुळे 'माझा नवा जन्म झालाच नाही का' अशी भीती वाटते. मी नवापूर तालुक्यातल्या मंडळीत लहानाची मोठी झाले, आता तिथेच बायकांची संगती बघते. ही भीती मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे.

आधी दारूचं बोलते, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. आमच्याकडे मोहाची दारू लग्नात असते, मयतात असते, देवकार्यात असते. ती नको म्हणणारा आपल्याच भाऊबंदांत एकटा पडतो. तरी माणसं नको म्हणतात, आणि मग त्या घरात पोरांच्या वह्यांना पैसे उरतात, बाई रात्री निर्धास्त झोपते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ही देवाची कृपाच आहे. 'काहीच बदललं नाही' असं म्हणून तिला कमी लेखू नका.

पण आमच्या मंडळ्या इथेच थांबतात, असं माझं स्पष्ट मत आहे. साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण सोडलेल्या गोष्टी सांगतो: दारू सोडली, गुटखा सोडला, भगताकडे जाणं सोडलं. हे सगळं सोडून झालं की शिष्यपण पुरं झालं असं वाटतं, आणि पुढे त्याचाच गर्व चढतो. बायबलमधल्या लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवा. आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो, असं तो म्हणाला आणि ते खोटं असल्याचं येशू कुठेही म्हणत नाही. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो लोकांनी पापी ठरवलेला, छाती बडवून दया मागणारा जकातदार.

सोडण्याची कामं माणूस एकट्याने करू शकतो. राग आणि हेवा मात्र दुसऱ्या माणसाशी बांधलेले असतात, म्हणून ते सभेत बसून सुटत नाहीत. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. नीट बघा, तक्रार भावाची आहे आणि चालत जायचंय आपल्याला.

आमच्या ओळखीतले दोन भाऊ बांधावरून बोलेनासे झाले होते. एकाच मंडळीत येत, प्रभुभोजन घेत, आणि चर्चच्या दोन टोकांना बसत. शेवटी थोरला धाकट्याच्या दारात गेला. धाकट्याने पाणीसुद्धा विचारलं नाही. थोरला काही दिवसांनी पुन्हा गेला. बांध अजून मोजायचाच आहे, पण थोरल्याच्या बोलण्यातली धार गेलीय, हे त्याची सून सांगते. समेट पुरा झाला नाही तरी जाणाऱ्याचं मन बदलू लागलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आठ वर्षं खूप झाली असं तुम्हाला वाटतं. येशूचा शिष्य पेत्र त्याच्याबरोबर राहिला, अटकेच्या रात्री अंगणात शेकोटीपाशी 'मी त्याला ओळखत नाही' असं नाकारून रडला, पुन्हा उभा केला गेला, पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी हजारोंसमोर बोलला. आणि गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात तोच पेत्र अंत्युखियात लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठून जातो. प्रेषित पौलाला त्याला सर्वांसमोर खडसवावं लागतं. जे भय त्याला त्या शेकोटीपाशी धरून होतं, तेच इतक्या वर्षांनी पुन्हा वर आलं. म्हणून त्याचा विश्वास खोटा होता असं कोणी म्हणत नाही.

आपल्या मराठीतलंच बघा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात सोवळं आणि जात लक्ष्मीबाईंच्या मनातून एकेक करून निघत गेली. आधी मन हललं, बाप्तिस्म्याचं पाणी नंतर आलं. प्रत्येकाचा क्रम सारखा नसतो.

आता एक गोष्ट कडकपणे सांगते. रागात तुम्ही घरात हात उचलत असाल, तर 'बदल हळूहळू होतो' हे तुमच्यासाठी नाही. ते आजच थांबलं पाहिजे. बायकोला माहेरी किंवा आणखी कुठे सुरक्षित राहावंसं वाटलं तर अडवू नका, आणि 'क्षमा कर, वचनात लिहिलंय' असं म्हणून तिच्यावर ओझं टाकू नका. पाळकांना आणि एखाद्या वडीलजनाला स्वतःहून खरं सांगा.

फिलिप्पै २:१२-१३ मध्ये पौल म्हणतो की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात साधणारा देव आहे. तेव्हा बळ मागायचं आणि पाऊलही उचलायचं. मी तुमच्या जागी असते तर सगळे दोष एकदम धरले नसते. भाऊ धरला असता. रोज त्याचं नाव घेऊन त्याच्या पिकासाठी, पाण्याच्या मोटारीसाठी, पोरांसाठी आशीर्वाद मागितला असता; सुरुवातीला तोंडातून शब्द निघत नाही, तरी मागायचं. मग कापूस वेचणीत त्याला मजूर मिळत नसतील तेव्हा न बोलावता जायचं.

आणि रात्रीच्या सभांपैकी एखादी चुकवून ती संध्याकाळ मुलांबरोबर घरी बसा. पाळकांनी विचारलं तर कारण सांगा. ऊसतोडीला बारडोलीकडे जाणाऱ्या आमच्या बायकांना महिनोन्‌महिने चर्च मिळत नाही, पण पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावर, एकमेकींची भांडणं मिटवून, आजारी बाईच्या वाट्याची मोळी बांधून त्या परत येतात. आतून बदललेली माणसं मी त्यांच्यात जास्त पाहिली आहेत. जमलं तर तुमच्या मंडळीतल्या अशा एखाद्या मावशीपाशी जाऊन बसा आणि तिला विचारा, ती राग आला की काय करते.