‘पोरगा माझं ऐकतच नाही’: नीतिसूत्रांतला बाप आणि ठाण्यातला बाप

समुपदेशनाला येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, पोरगा आमचं ऐकतच नाही." वाक्य तेच असतं, घर मात्र दर वेळी वेगळं. आज ज्या घराबद्दल लिहिते आहे ते ठाण्यातलं बेने इस्राएल कुटुंब, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. घरातल्या तिघांनाही विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील साठीचे, एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा 23 वर्षांचा. बी.कॉम. झाला, सीएच्या इंटरमिजिएटला दोनदा नापास झाला आणि आता सीए सोडून व्हिडिओ एडिटिंग शिकायचं म्हणत होता. पण वडील माझ्याकडे आले ते सीएसाठी नाही. मुलगा शुक्रवारी रात्री घरी जेवायला बसेनासा झाला होता, आणि ते त्यांना जास्त लागलं होतं.

शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. आई दिवे लावते, काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात ओतलं जातं, त्यावर वडील किद्दूश ही शब्बाथची प्रार्थना म्हणतात आणि मग नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण आणि भात. या घरात आजोबांपासून आणखी एक रिवाज होता. जेवण वाढण्याआधी वडील नीतिसूत्रांमधलं, म्हणजे हिब्रू शास्त्रातल्या बोधवचनांच्या पुस्तकातलं, एखादं वचन मराठीतून वाचून दाखवायचे. गेली दोन-तीन वर्षं ते वचन मुलाच्या अभ्यासाकडे वळत होतं. आळशी माणसाने मुंगीकडे जावं, हे वचन तर वारंवार निघायचं. हळूहळू मुलगा शुक्रवारी मित्राकडे थांबायला लागला आणि सगळ्यांची जेवणं आटोपल्यावरच घरी यायला लागला.

पहिल्या भेटीला वडील ते पुस्तकच घेऊन आले. शिवण उसवलेलं, पानापानाला पेन्सिलच्या खुणा. पहिल्या अध्यायातलं आठवं वचन त्यांनी माझ्यासमोर धरलं: मुला, बापाचा बोध ऐक आणि आईची शिकवण टाकू नकोस. "हे मी लिहिलेलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "शास्त्रात आहे. मग त्याने ऐकायला नको?"

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले. हेच ग्रंथ माझ्यापर्यंत ‘जुना करार’ म्हणून आले, आणि आजीने यातली कितीतरी वचनं आमच्याकडून पाठ करून घेतली होती. त्यामुळे त्यांचं पुस्तक बाजूला ठेवून "आपण मुद्द्याचं बोलू" असं म्हणणं मला जमणारं नव्हतं. तसं म्हणूही नये असं माझं ठाम मत आहे. माणूस जे पुस्तक छातीशी धरून येतो, त्यातूनच तो स्वतःच्या घराकडे बघत असतो. मी त्यांना एकच काम दिलं: पुढच्या भेटीआधी चौथा अध्याय सुरुवातीपासून सावकाश वाचा, मुलासाठी काही शोधायचं नाही, नुसता वाचा.

मधल्या आठवड्यात मुलाला एकट्याला भेटले. आधी झोप, भूक, आणि जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारलं. परीक्षेत लागोपाठ नापास झालेल्या मुलाला हे विचारायलाच हवं, आणि घरच्यांनाही ते विचारता यायला हवं. तो रात्री उशिरापर्यंत जागत होता, बाकी काळजीचं काही नव्हतं. वडिलांबद्दल म्हणाला, "पप्पांनी पुस्तक उघडलं की मला कळतं, आता माझी केस चालू होणार."

"पप्पांना तू सीए का व्हायला हवा आहेस?"

"नातेवाइकांत सांगायला बरं वाटतं म्हणून."

एवढं मोठं घर एवढ्याशा कारणावर उभं आहे असं त्याला खरंच वाटत होतं.

नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत आणि त्यातले पहिले नऊ बहुतेक बापाने मुलाशी केलेलं बोलणं आहे. ‘माझ्या मुला’ अशी हाक त्यात पुन्हा पुन्हा येते. कान दे, लक्ष दे, माझे शब्द हृदयात साठव. वरवर वाचलं तर सगळा हुकमाचा सूर वाटतो. पण चौथ्या अध्यायात बाप मध्येच स्वतःकडे वळतो. मीही माझ्या बापाचा मुलगा होतो, आईच्या डोळ्यांपुढे कोवळा, एकुलता एक. तेव्हा माझ्या बापाने मला असं शिकवलं, असं तो म्हणतो आणि पुढची वचनं आजोबांच्या तोंडची देतो. मुलाला बोध मिळतोच, शिवाय तो कुठून आला हेही कळतं. ज्याच्याकडून ऐकायची अपेक्षा आहे त्याला बोलणाऱ्याने आपलं लहानपण दाखवलं आहे. मला हा सगळ्या पुस्तकातला फार मोलाचा भाग वाटतो, आणि घराघरांत नेमका तोच वाचायचा राहतो.

वडील दुसऱ्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "तुमच्या वडिलांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

ते बराच वेळ पुस्तकाच्या कडा सारख्या करत बसले. मग बोलायला लागले. त्यांचे वडील मुंबईत गिरणी कामगार. 1982च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. हे तेव्हा 17 वर्षांचे. घरात पगार येणं थांबलं. आईच्या बांगड्या गेल्या, वाण्याने उधारी बंद केली. त्या दिवसांत वडिलांनी यांना जवळ बसवून सांगितलं होतं, "माझ्या हातातलं यंत्र मालकाचं होतं, ते त्याने बंद केलं. तुझ्या हातात असा कागद असू दे, जो कुणाला बंद करता येणार नाही." यांनी दिवसाचं कॉलेज सोडलं, संध्याकाळच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. सीए व्हायचं त्यांच्या मनात होतं, पण तेवढी ऐपत नव्हती.

"हे मुलाला माहीत आहे?"

"आजोबा मिलमध्ये होते एवढं माहीत आहे. बाकीचं कशाला सांगायचं? पोरांना वाईट दिवस कशाला दाखवायचे?"

अनेक वडील असंच करतात. वाईट दिवस झाकून ठेवतात आणि त्या दिवसांतून निघालेला निष्कर्ष तेवढा मुलाच्या हातात देतात. मागची भीती दिसत नाही, म्हणून मुलाला तो नुसता हट्ट वाटतो.

तिसऱ्या भेटीला तिघेही आले. मी एकच नियम घातला, तोही त्यांच्याच पुस्तकातला. अठराव्या अध्यायात म्हटलं आहे की ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे आणि ती लाजेची गोष्ट आहे. म्हणून एकाचं बोलून झालं की दुसऱ्याने आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणाला की मगच स्वतःचं बोलायचं.

मुलगा म्हणाला, "मला आकडे कळतात, पण पेपर हातात आला की डोकं रिकामं होतं. दोनदा झालं. आता पुस्तक उघडलं तरी छाती धडधडते. एडिटिंगला बसलो की चार तास कसे गेले कळत नाही."

वडिलांनी सांगितलं, "तो म्हणतोय, त्याला अभ्यास नकोय."

"मी असं म्हटलंच नाही, पप्पा."

पुन्हा. "तो म्हणतोय, सीए कठीण आहे."

"नाही."

आई मान खाली घालून बसली होती. तिसऱ्या खेपेला वडिलांनी मुलाकडे वळून त्यालाच विचारलं, "छाती धडधडते म्हणजे? कधीपासून?" गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला विचारलेला, उत्तर आधीपासून तयार नसलेला हा पहिला प्रश्न असावा. पुढचा अर्धा तास मला जवळपास बोलावंच लागलं नाही.

मग मुलाची पाळी. वडिलांनी संपाचं सगळं सांगितलं, बांगड्यांसकट. मुलाने ते परत सांगताना "आजोबा मिलमध्ये होते..." अशी सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबला. म्हणाला, "तुम्हाला वाटतं मी पण तसाच उघड्यावर पडेन." वडिलांनी मान हलवली. नातेवाइकांत सांगायला म्हणून सीए, ही त्याची समजूत तिथे संपली. त्या दिवशी सीएचा निर्णय झाला नाही, आणि तो व्हावा असा माझाही प्रयत्न नव्हता.

पण निर्णयाबद्दल वडिलांचा एक प्रश्न उरलाच होता, आणि तो प्रामाणिक होता. "सगळं ऐकून घेतलं त्याने. तरी स्वतःचंच करणार असेल, तर ऐकलं कसं म्हणायचं?"

आईवडील हा प्रश्न मला नेहमी विचारतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मुलाने ऐकलं म्हणजे मुलगा आपल्या मनाप्रमाणे वागला, असं हिब्रू शास्त्रही सरसकट मानत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेका याकोबाला म्हणते, मुला, माझं ऐक. तो ऐकतो, आंधळ्या झालेल्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद घेतो आणि मग भावाच्या भीतीने त्याला घर सोडून परागंदा व्हावं लागतं. आईचं ऐकल्याने घर मोडलं, हे शास्त्राने झाकलेलं नाही. पुढे ज्यू धर्मनियमांतही मर्यादा आखून दिल्या आहेत. 16व्या शतकातले पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इस्सर्लिस स्पष्ट लिहितात, मुलाला पसंत असलेल्या मुलीशी लग्न करायला बापाने विरोध केला तर मुलाने बापाचं ऐकायलाच हवं असं नाही. आईबापांचा मान ठेवणं हे दहा आज्ञांमध्ये असूनही ही मोकळीक आहे. याचा अर्थ बोध वाऱ्यावर सोडायचा असाही नाही. राजा शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर बसल्यावर लोक कर आणि वेठ कमी करा म्हणून आले. बापाच्या दरबारातल्या वृद्धांनी सल्ला दिला: लोकांशी नरमाईने बोल, त्यांची सेवा कर. त्याने तो झिडकारला, बरोबरीच्या पोरांचा सल्ला घेतला आणि राज्याचे दोन तुकडे झाले. अनुभवी माणसांचं म्हणणं मनात घोळवून मग वेगळं करणं निराळं आणि ते कानाआडच टाकणं निराळं. मुलाला मी हे रहबामाच्या नावानिशी सांगितलं, कारण संपाची गोष्ट कळल्यावरही पैशाच्या प्रश्नाला त्याच्याकडे "होईल काहीतरी" याखेरीज उत्तर नव्हतं.

वडिलांना मात्र मी एलीची गोष्ट आठवून बघायला सांगितली. हा म्हातारा याजक, नजर अधू झालेला. त्याच्या स्वतःच्या मुलांनी त्याचं ऐकलं नाही. त्याच्याजवळ वाढणाऱ्या छोट्या शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. ती देवाची आहे हे एली ओळखतो आणि ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असं म्हणायला त्याला शिकवतो. सकाळी तो पोराला म्हणतो, काय सांगितलं ते माझ्यापासून लपवू नकोस. पोराने आणलेली बातमी एलीच्याच घराण्याच्या नाशाची असते. म्हातारा ती ऐकून घेतो आणि पोरावर चिडत नाही. पोराला ऐकायला शिकवणाऱ्याने पोराच्या तोंडून स्वतःबद्दलचं कटू ऐकलं. "हे मी किती वेळा वाचलंय," वडील म्हणाले, "पण मी नेहमी शमुवेलच्या जागी मुलालाच बसवलं."

आता आईबद्दल. तीन भेटी होईपर्यंत त्यांनी चहा-पाण्यापलीकडे काही बोलणं केलं नव्हतं. वडिलांनी दाखवलेल्या त्या आठव्या वचनात बापाच्या जोडीला आई उभी आहे. शेवटचा अध्याय तर लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीने सुरू होतो, आणि ती शिकवण रोखठोक आहे: मद्यापासून दूर राहा, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू बोल. मी त्यांना विचारलं, "तुमचं म्हणणं काय?" त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जेवणाच्या ताटावर केस चालवू नका." मुलाला म्हणाल्या, "आणि तू एडिटिंग करणार तर पहिलं वर्ष कुणाच्या पैशाने, ते कागदावर लिहून दे मला." तिन्ही भेटींतला हाच सगळ्यात नेमका सल्ला होता.

कागद लिहिला गेला. मुलाने सीए सोडलं. एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्सचं अर्धवेळ काम धरलं, त्या पैशातून एडिटिंगचा कोर्स लावला आणि वर्षाने तिघांनी बसून हिशेब बघायचा असं ठरलं. वडिलांना हा निर्णय आजही चुकीचा वाटतो. ते त्याला तसं सांगतात, तो ऐकतो आणि त्याला वाटतं ते उत्तर देतो. शुक्रवारचं वाचन चालू आहे. आता वचन कोणतं वाचायचं ते पाळीपाळीने ठरतं आणि जेवण होईपर्यंत सीए किंवा एडिटिंग काढायचं नाही, हा आईचा नियम आहे.

तुमच्याही घरी हेच रडगाणं असेल तर आधी एक करून बघा. मुलाला पुढचा सल्ला देण्याआधी, तो सल्ला तुमच्यापर्यंत कुठून आला, तेव्हा घरात काय चाललं होतं, तुम्ही किती वर्षांचे होता, हे त्याला सांगा. मग त्याचं म्हणणं विचारा आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत त्याचेच शब्द परत सांगा. सुरुवातीला दोनदा-तीनदा चुकेल. मात्र मुलाची झोप-भूक उडाली असेल, तो माणसांत मिसळेनासा झाला असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर हे प्रयोग घरी करत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.