गाठ काढली, मग पुन्हा ऑपरेशन कशाला?

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीच्या तळपायाला वर्षभर छोटी गाठ होती. दुखत नव्हती. गँगलियन (सांध्याजवळची साधी, पाणी भरलेली गाठ) म्हणून ती काढली, तर रिपोर्टमध्ये ‘सायनोव्हियल सार्कोमा’ आलं. आता दुसरे डॉक्टर पुन्हा ऑपरेशन सांगतात. गाठ तर गेली, मग कशाला? पाय कापावा लागेल का? खेळताना तिथे मार लागला होता, त्याने झालं का? – एक आई

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच तुम्हाला झोपू देत नसणार. मार लागल्याने हा कॅन्सर होत नाही. मार लागतो, आपण पाय चोळायला घेतो आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते, इतकंच.

आता ऑपरेशनचं. सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाडं अशा भागांत होणारा कॅन्सर. त्याची गाठ गोल, सुटी वाटते, पण तिच्याभोवतीच्या आवरणातही कॅन्सरच्या पेशी असतात. गँगलियनसारखी ती सोलून काढली की त्या मागे राहतात. नंतरचा एमआरआय स्वच्छ आला तरी राहिलेल्या असू शकतात. म्हणून जुन्या व्रणासकट आजूबाजूचा निरोगी भाग घेऊन सगळं एकसंध काढावं लागतं. मांडीत हे त्यामानाने सोपं. तळपायात नसा, रक्तवाहिन्या, कंडरा अशा दाटीवाटीने असतात की सेंटिमीटरभर जागा मिळवतानाही सर्जनचा कस लागतो. मुलांच्या पायावरच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे खरं. तरी एमआरआय न करता तळपायाची घट्ट गाठ कापायला घेणं मला अजिबात पटत नाही.

एक काम लगेच करा. लॅबमधून नुसता रिपोर्ट नको, स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे ज्यात जपून ठेवतात ते) मागून घ्या आणि सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. एसएस१८ या जनुकातला ठरावीक बदल सापडला की निदान पक्कं. याच वयात, याच जागी ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा दुसरा सार्कोमाही होऊ शकतो; त्याची औषधं वेगळी आणि त्यात केमो टळत नाही. छातीचा सीटी स्कॅनही करून घ्या, कारण हा आजार पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो.

मूळ गाठ ५ सेंटिमीटरच्या आत असेल आणि दुसऱ्या ऑपरेशनात कडा स्वच्छ मिळाल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, तर पुष्कळ मुलांचं त्यावरच भागतं. नाहीतर आयफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन ही केमोची औषधं देतात. डॉक्सोरुबिसिन हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी आणि पुढेही. रेडिएशनचा विषय निघाला तर हाडांच्या वाढीवर काय परिणाम होईल, हे स्पष्ट विचारा.

पाय अनेकदा वाचतो. पण गाठीने मुख्य नसा किंवा हाडं वेढली असतील, तर दुखरं, ताठ पाऊल कसंबसं राखण्यापेक्षा गुडघ्याखालून कृत्रिम पाय बरा पडतो. मुलं त्यावर धावतात. यातलं काहीही ठरवताना मुलीला खोलीबाहेर बसवू नका. ११ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

आणि पाच वर्षं सरली म्हणून तपासण्या बंद करू नका. हा आजार दहा वर्षांनीही उलटलेला आढळतो.